टर्मिनलमधून मराठी पानं वाचायची आहेत? मग या क्रमानं चला

जुना लॅपटॉप कपाटातून काढायचा, त्यावर हलकं लिनक्स टाकायचं, टेक्स्ट ब्राउझर (टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर) बसवायचा आणि पहिल्याच झटक्याला एखाद्या बातम्यांच्या साइटचं मुखपान उघडायचं. समोर येतात मेन्यूच्या दीडदोनशे ओळी, मधेच चौकोन, मधेच प्रश्नचिन्हं. डावा बाण दाबला तरी मागचं पान येत नाही, बंद कसं करायचं तेही कळत नाही. पंधरा मिनिटांत लॅपटॉप परत कपाटात. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता कुणी "चालत नाही हो" म्हणालं की आधी एवढंच विचारतो, पहिल्यांदा काय उघडलंत?

टेक्स्ट ब्राउझर हे वाचायचं साधन आहे. विश्वकोशातला लेख, सुट्या मजकुराचं पान, सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं, जुनी पुस्तकं यांसाठी तो झकास. बँक, रेल्वेचं तिकीट, सातबारा, व्हिडिओ, कॅप्चा असलेलं काहीही यांसाठी तो नाहीच. जावास्क्रिप्टवर चालणारी पानं त्यात उघडत नाहीत. तिथे फायरफॉक्स वापरायचा. हे मान्य असेल तर पुढे वाचा.

खाली दिलेल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. "कॅपिटल यू" म्हटलं की शिफ्ट धरून यू. नुसतं "यू" म्हटलं की लहान. हा फरक इथे जीवनमरणाचा आहे, कारण लहान आणि कॅपिटल अक्षरांची कामं वेगळी आहेत. कॅप्स लॉकचा दिवा आधी बघून घ्या.

## तयारी: बसवण्याआधी तीन गोष्टी

१. घड्याळ. जुन्या मशीनवर पहिली शंका घड्याळावर घ्यायची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल (डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर २०३२) मेलेला असतो, आणि दर वेळी चालू केलं की तारीख दहापंधरा वर्षं मागे जाते. मग कुठलंही सुरक्षित पान उघडलं की ब्राउझर त्या साइटचं प्रमाणपत्र (तिची ओळख पटवणारा दाखला) चुकीचं असल्याची तक्रार करतो. त्याच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. टर्मिनलमध्ये "डेट" टाइप करून तारीख बघा. चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करा आणि जमलं तर सेल बदला.

> सावधान: प्रमाणपत्राबद्दल "स्वीकारू का?" असा प्रश्न आला की सवयीनं वाय दाबू नका. आधी तारीख तपासा. तारीख बरोबर असूनही प्रश्न येत असेल तर ते पान सोडून द्या.

२. मशीन किती बिटांचं. डेबियन या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या मशीनसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. तुमचा लॅपटॉप तेवढा जुना असेल तर डेबियन १२ किंवा त्यावर बेतलेलं अँटीएक्स २३ घ्या.

३. कोणता ब्राउझर. इथे एक खास मराठी घोटाळा आहे. "लिंक्स" नावाचे दोन ब्राउझर आहेत. एकाच्या स्पेलिंगमध्ये वाय आणि एक्स येतात, दुसऱ्याच्या सरळ आपल्या दुव्यांसारखं. मराठीत दोन्ही लिंक्सच. फोनवर ऐकून भलताच बसवलेले लोक मला भेटलेत. वर एलिंक्सही आहेच, तो दुसऱ्याचा वंशज.

मी सुचवतो डब्ल्यूथ्रीएम (डब्ल्यू, तीनचा आकडा, एम). तक्ते तो नीट मांडतो, मराठी विकिपीडियाचं पान त्यात वाचनीय दिसतं, आणि पानावर कर्सर हवा तिथे फिरवता येतो. वायवाल्या लिंक्समध्ये खाली कळांची आठवण देणाऱ्या दोन ओळी असतात, त्यामुळे तो पहिल्या दिवशी सोपा वाटतो. काही हरकत नाही, तोही चांगला आहे. पण पंधरा दिवस एकच वापरा. दोघांच्या कळा वेगळ्या आहेत. डावा बाण वायवाल्या लिंक्समध्ये मागच्या पानावर नेतो, डब्ल्यूथ्रीएममध्ये कर्सर एक घर डावीकडे सरकवतो आणि बस.

## टप्पा १: बसवणं

याला दोन मिनिटं पुरतात. सिनॅप्टिक या सॉफ्टवेअर बसवायच्या प्रोग्रॅममध्ये नावानं शोधून बसवा, किंवा टर्मिनलमध्ये "सुडो एपीटी इन्स्टॉल डब्ल्यूथ्रीएम". चित्रं दाखवणारं वेगळं पॅकेज सध्या घेऊ नका. ते काही मोजक्याच टर्मिनलांत चालतं आणि नवख्याला त्याचा त्रासच जास्त.

अँड्रॉइडवर टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्येही हा बसतो, पण तिथे मराठीचे हाल होतात. इंग्रजी माहितीपत्रकं वाचण्यापुरतं ठीक.

> सावधान: ब्राउझर रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून चालवायचा नाही. आपल्या रोजच्या खात्यातूनच.

## टप्पा २: ब्राउझर उघडण्याआधी टर्मिनलची परीक्षा

सगळ्यात जास्त लोक हा टप्पा गाळतात आणि मग ब्राउझरला शिव्या देतात. मराठी अक्षरं काढण्याचं काम टर्मिनलचं आहे, ब्राउझर फक्त मजकूर पुढे करतो. म्हणून आधी ब्राउझरशिवाय बघायचं.

टर्मिनलमध्ये "इको" लिहून पुढे अवतरणचिन्हांत हे वाक्य द्या: दुसऱ्या विद्यार्थ्याने क्षितिज पाहिले. वाक्य मुद्दाम निवडलंय. त्यात आपला अर्धचंद्री र आहे, तीन अक्षरांचं जोडाक्षर आहे, आणि अक्षराच्या आधी येणारी पहिली वेलांटी आहे. आता काय दिसतं ते बघा.

- रिकामे चौकोन: देवनागरी फॉन्टच नाही. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट बसवा, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा.
- प्रश्नचिन्हं किंवा टोप्या-टिंबं घातलेली रोमन अक्षरं: कॅरेक्टर सेट (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) चुकलाय. "लोकेल चारमॅप" ही आज्ञा द्या. उत्तरात यूटीएफ-८ यायलाच हवं. नसेल तर डेबियनमध्ये "सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स" चालवून यादीतून मराठी किंवा भारतीय इंग्रजी निवडा, लॉगआउट करून परत या.
- वेलांटी भलत्या अक्षरावर, पाय मोडलेली जोडाक्षरं: टर्मिनलला देवनागरी जुळवता येत नाही. सेटिंग बदलून हे सुधारत नाही, टर्मिनल बदलावं लागतं.

साधा एक्सटर्म या परीक्षेत नापास होतो. कन्सोल नावाचा केडीई या डेस्कटॉपचा टर्मिनल बऱ्यापैकी पास होतो, पण सोबत केडीईच्या बऱ्याच लायब्रऱ्या ओढून आणतो. एमएलटर्म हलका आहे आणि भारतीय लिप्यांची सोय त्यात मुद्दाम केलेली आहे, फक्त त्याची मांडणी किचकट. माझ्याकडे एक जीबी रॅमच्या मशीनवर एमएलटर्म आहे. जागा आणि रॅम असेल तर कन्सोल घ्या आणि डोकेदुखी वाचवा.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून येणाऱ्या काळ्या पडद्यावर मराठी वाचायचा हट्ट धरू नका. कर्नलच्या त्या पडद्यावरच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात. आपली जोडाक्षरं तिथे बसवायची कुठे?

> तपासणी: चाचणीचं वाक्य टर्मिनलमध्ये नीट दिसल्याशिवाय टप्पा ३ ला जाऊ नका. वाक्य नीट दिसतंय आणि तरी ब्राउझरमध्ये गडबड आहे, तरच दोष ब्राउझरच्या सेटिंगचा.

## टप्पा ३: ब्राउझरची चार सेटिंगं

डब्ल्यूथ्रीएम उघडल्यावर लहान ओ दाबा. लांबलचक फॉर्म येतो. घाबरू नका, चारच गोष्टी बदलायच्या आहेत.

१. दाखवायचा कॅरेक्टर सेट: यूटीएफ-८.
२. पानाचा गृहीत धरायचा कॅरेक्टर सेट: तोही यूटीएफ-८.
३. एडिटर: नॅनो. हे केलं नाही तर मोठ्या मजकुराच्या चौकटीवर एंटर मारताच कदाचित व्हीआय हा नवख्याला न कळणारा एडिटर उघडेल. त्यात अडकलात तर एस्केप, मग विसर्गासारखं कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर.
४. बाहेरचा ब्राउझर: फायरफॉक्स, पुढे एक जागा सोडून टक्क्याचं चिन्ह आणि लहान एस, आणि शेवटी आणखी एक जागा सोडून अँडचं चिन्ह. ते शेवटचं चिन्ह विसरलात तर फायरफॉक्स बंद करेपर्यंत डब्ल्यूथ्रीएम गोठून बसतो.

> सावधान: बदल केल्यावर त्या फॉर्ममधल्या ओके बटणावर जाऊन एंटर मारा. नुसतं मागे गेलात तर सगळं पाण्यात. वायवाल्या लिंक्समध्ये तर आणखी एक खोच आहे: वरची "डिस्कवर साठवा" ही चौकट आधी भरावी लागते, नाहीतर सेटिंग त्या बैठकीपुरतंच टिकतं.

## टप्पा ४: कळा, पण आधी कीबोर्ड इंग्रजीत

शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांना मी हा ब्राउझर लावून दिला. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, "यू दाबतोय, काही होत नाही." जाऊन बघतो तर कोपऱ्यात कीबोर्ड मराठीवर. इनस्क्रिप्टमध्ये कॅपिटल यूच्या जागी ङ आहे, शोधायच्या तिरप्या रेघेच्या जागी य, आणि बाहेर पडायच्या क्यूच्या जागी औकाराची मात्रा. सर बिचारे अर्धा तास ब्राउझरला ङ पाठवत होते!

म्हणून नियम असा: आज्ञा देताना कीबोर्ड इंग्रजी. मराठी शब्द लिहायची ओळ उघडली की मराठी करा, शब्द लिहून एंटर मारला की लगेच परत इंग्रजी. शब्द सापडल्यावर पुढच्या ठिकाणी जायला एन दाबायचं असतं. तेव्हाही मराठीच चालू असेल तर तिथे ल जातो.

पहिल्या दिवशी एवढ्याच कळा:

- कॅपिटल यू: नवा पत्ता. पत्ता "एचटीटीपीएस"सकट पूर्ण लिहा. ओळीत आधीचं काही दिसलं तर कंट्रोल-यूनं पुसा.
- टॅब: पुढच्या दुव्यावर. एंटर: दुवा उघडा.
- कॅपिटल बी: मागचं पान. लहान बी मात्र त्याच पानात एक पडदा वर नेतो. सगळ्यात जास्त चुकणारी जोडी हीच.
- स्पेस: एक पडदा खाली.
- तिरपी रेघ: पानात शब्द शोधा. एन: पुढचा.
- लहान क्यू: विचारून बाहेर. कॅपिटल क्यू: न विचारता बाहेर.

दोन-तीन दिवसांनी यात कॅपिटल टी (नवा टॅब), महिरपी कंस (टॅब बदला) आणि कॅपिटल एच (मदत) घाला. पाठ करायला याहून फार काही उरत नाही. मला हे सॉफ्टवेअर आवडतं ते यासाठी. दर महिन्याला बटणं जागा बदलत नाहीत. एकदा बोटांना सवय झाली की कळा शोधाव्या लागत नाहीत.

पुढे मदतीच्या पानावर एस्केप आणि एखादं अक्षर अशा जोडीनं द्यायच्या आज्ञाही दिसतील, त्यांच्याबद्दल एक सूचना. एस्केप दाबा, सोडा, मग अक्षर दाबा. ऑल्ट धरूनही चालतं, पण बऱ्याच टर्मिनलांमध्ये ऑल्टनं टर्मिनलचाच मेन्यू उघडतो आणि माणूस गोंधळतो.

आणि चुकून कंट्रोल-झेड दाबलं, ब्राउझर नाहीसा झाला, तर तो मेलेला नाही. मागे जाऊन थांबलाय. "एफजी" लिहून एंटर मारा. नव्यानं उघडत बसलात तर एकामागे एक चारपाच ब्राउझर झोपलेले राहतात.

> तपासणी: मराठी विकिपीडिया उघडा, दोन दुवे आत जा, दोनदा मागे या, बाहेर पडा. माउसला हात न लावता जमलं तर पुढे चला.

## टप्पा ५: पहिलं खरं वाचन

सुरुवात मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या मोठ्या लेखानं करा, समजा "रायगड". पान उघडलं की वर साइटच्या मेन्यूचे दुवे येतात. इथेच लोक टॅब टॅब टॅब करत बसतात आणि कंटाळतात. तसं करायचं नाही. तिरपी रेघ दाबा, कीबोर्ड मराठी करा, "इतिहास" लिहा, एंटर. पहिला सापडणारा शब्द बहुधा अनुक्रमणिकेतला असतो. कीबोर्ड इंग्रजीत आणून एकदोनदा एन दाबलंत की थेट त्या विभागात पोचता. टेक्स्ट ब्राउझरमध्ये पान चाळत बसायचं नसतं, शब्द शोधत जायचं. ही एक सवय लागली की निम्मं काम झालं.

चित्राच्या जागी कंसात त्याचं नाव दिसेल. खरंच बघायचं असेल तर त्यावर कर्सर नेऊन कॅपिटल आय दाबा, चित्र बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडतं.

विकिपीडियानंतर मराठी विकिस्रोत. जुनी, हक्कमुक्त पुस्तकं तिथे मजकुराच्या रूपात आहेत आणि असल्या पानांवर हा ब्राउझर खुलतो.

काही जुन्या मराठी साइटी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमध्ये आहेत. तिथे मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल. सेटिंग बदलत बसू नका. त्या पानात मुळात देवनागरी नाहीच, रोमन अक्षरांना मराठी फॉन्टचा मुखवटा घातलेला होता, आणि टर्मिनलमध्ये मुखवटा चढत नाही.

## टप्पा ६: शोध

२०२५ च्या जानेवारीपासून गूगलचा शोध जावास्क्रिप्टशिवाय चालत नाही. तेव्हा तो नाद सोडा. डकडकगोचं लाइट पान वापरा: लाइट डॉट डकडकगो डॉट कॉम, तिरपी रेघ, लाइट.

क्रम नीट पाळा. टॅबनं शोधाच्या चौकटीवर जा. एंटर मारा, तेव्हा कुठे पडद्याच्या तळाशी लिहायची ओळ उघडते. न मारता टाइप करायला लागलात तर प्रत्येक अक्षर आज्ञा म्हणून जातं, आणि मग काय होईल ते तुमचं नशीब. शब्द लिहून एंटर मारला की तो चौकटीत बसतो, पण शोध सुरू होईलच असं नाही. टॅबनं शोधाच्या बटणावर जाऊन आणखी एक एंटर लागतो. "लिहिलं, एंटर मारला, काही झालं नाही" ही तक्रार नव्वद टक्के वेळा इथली असते. (आकडा माझ्या अनुभवाचा, मोजलेला नाही.)

वायवाल्या लिंक्समध्ये उलटी गंमत. तिथे चौकटीवर गेलं की ती आपोआप लिहायला तयार होते, त्यामुळे बाहेर पडायला क्यू दाबलात तर चौकटीत क्यू उमटतो. खालच्या बाणानं आधी चौकटीबाहेर या.

बातमी वाचायची तर साइटच्या मुखपानावरून जाऊ नका. बातमीतले दोनतीन नेमके शब्द शोधा आणि थेट त्या लेखावर उतरा. मुखपानाचं जंगल टळतं.

> तपासणी: एखादं पान कोरं किंवा "जावास्क्रिप्ट चालू करा" अशा एका ओळीचं आलं, की झटापट नको. कॅपिटल एम दाबा. तेच पान फायरफॉक्समध्ये उघडेल. टप्पा ३ मधलं चौथं सेटिंग त्यासाठीच होतं.

## टप्पा ७: पानं साठवून ठेवणं

भारनियमनाच्या दिवसांत मला या ब्राउझरचा सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. वीज आणि इंटरनेट असताना पानं मजकूर म्हणून उतरवून ठेवायची, नंतर बॅटरीवर निवांत वाचायची.

आज्ञा अशी: डब्ल्यूथ्रीएम, मग वजा डम्प, मग वजा कॉल्स (सी, ओ, एल, एस) आणि ७०, मग पानाचा पत्ता, मग मोठेपणाचं चिन्ह, मग फाइलचं नाव. सत्तर म्हणजे एका ओळीची रुंदी. पत्त्यात प्रश्नचिन्ह किंवा अँडचं चिन्ह असेल तर पूर्ण पत्ता एकेरी अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा समजून घेणारा प्रोग्रॅम) तो मधेच तोडतो. आणि फाइलचं नाव प्रत्येक वेळी नवं द्या. मोठेपणाचं चिन्ह जुनी फाइल न विचारता पुसून टाकतं. मी एकदा आठवड्याभराचं वाचन असं एकाच नावाच्या फाइलीत "साठवलं" होतं.

टप्पा २ मध्ये तुमचं टर्मिनल नापास झालं असेल आणि बदलणं शक्य नसेल, तर हाच तुमचा मुख्य मार्ग. उतरवलेली फाइल माउसपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा. तिथे जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात आणि अक्षरही मोठं करता येतं. माझ्या घरातली थोरली मंडळी असंच वाचतात, टर्मिनलचं तोंडही न बघता.

शासन निर्णय बहुतेक पीडीएफमध्ये असतात. दुव्यावर जाऊन लहान ए दाबलं की फाइल उतरते. पॉपलर-युटिल्स पॅकेजमधल्या पीडीएफटूटेक्स्टनं तिचा मजकूर काढता येतो, पण मराठीत वेलांट्यांची आणि जोडाक्षरांची अदलाबदल होऊ शकते. निर्णयातला आकडा किंवा तारीख कुठे वापरायची असेल तर मूळ पीडीएफ उघडूनच खात्री करा.

> तपासणी: फाइल उतरल्यावर लगेच "एलएस वजा एल" देऊन तिचा आकार बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे बऱ्यापैकी लेख काही हजार बाइटांचा तरी असतोच. दोनतीनशे बाइटांची फाइल आली तर तुम्ही लेख नाही, लेखाची रिकामी चौकट उतरवली आहे. हे वीज असतानाच बघून घ्या.